आउटबोर्ड काढून डिझेल इंजिन बसवायचं? कोकणातल्या छोट्या होड्यांपुढचा महागडा प्रश्न

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. या दोन महिन्यांत कोकणच्या किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि मग सुरू होतात दुरुस्त्या आणि हिशोब. दर पावसाळ्यात पुन्हा पुन्हा निघणारा एक विषय म्हणजे इंजिन. फायबरच्या छोट्या होडीमागं लटकणारं पेट्रोलचं आउटबोर्ड काढून टाकायचं आणि होडीच्या पोटात डिझेलचं इनबोर्ड इंजिन बसवायचं का? पेट्रोल शंभरीच्या पार गेल्यापासून हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही, चुलीपर्यंत आलाय.

त्यातच २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला मिळतं ते कर्ज, विमा, वीजदराची सवलत आता आपल्यालाही मिळेल, अशी आशा किनाऱ्यावर जागी झाली. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० पासून आहेच. तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. योजना दिसायला लागल्या की इंजिन बदलण्याची इच्छाही बळावते. रत्नागिरीच्या राजिवड्यापासून राजापूर तालुक्यातल्या साखरीनाट्यापर्यंत, पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगणाऱ्या दालदी मुस्लिम कुटुंबांसाठी तर हा फार जवळचा प्रश्न आहे. यातली कितीतरी घरं एका होडीवर, एका इंजिनावर आणि दोन-चार जाळ्यांवर चालतात. चुकीचं इंजिन म्हणजे पाच-सात वर्षांची कमाई पाण्यात.

म्हणूनच घाईनं "डिझेल स्वस्त, म्हणून इनबोर्ड चांगलं" असं म्हणून चालणार नाही. हे काही होड्यांसाठी अगदी खरं आहे आणि काहींसाठी अगदी खोटं.

दोन्ही इंजिनांत नेमका फरक काय?

आउटबोर्ड म्हणजे इंजिन, गिअर आणि पंखा एकाच दांड्यात बसवलेलं यंत्र. ते होडीच्या मागच्या फळीला आवळायचं, टिलर धरून वळवायचं, म्हणजे वेगळं सुकाणू लागत नाही. उथळ पाणी आलं की वर उचलायचं. दहा अश्वशक्तीच्या आसपासचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड ४०-४५ किलोचं असतं. दोघं मिळून ते खांद्यावर घरी नेऊ शकतात. चोरीची भीती असेल, वादळाचा इशारा असेल, तर ही गोष्ट लाखमोलाची ठरते. जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ रायगड आणि उत्तर रत्नागिरीनं सोसलंय. अशा रात्री होडी गेली तरी इंजिन घरात सुरक्षित राहू शकतं. इनबोर्डवाल्याला तो पर्याय नसतो, होडी बुडाली की इंजिनही गेलं.

मग आउटबोर्डचं दुखणं कुठं? एक तर पेट्रोल. दुसरं, त्याचा पंखा लहान असतो आणि फार वेगानं फिरतो. हलकी होडी सुसाट पळवायची तर ते उत्तम. पण ओली जाळी, बर्फ आणि माणसं भरलेली जड होडी हळूहळू ओढायची तर लहान पंखा पाणी नुसतं घुसळतो. इनबोर्ड डिझेल इंजिनाला रिडक्शन गिअर असतो. इंजिन दोन-तीन फेरे घेतं तेव्हा पंखा एकदा फिरतो, म्हणून पंखा मोठा बसवता येतो आणि तो पाण्याला नीट रेटा देतो. कागदावर दोन्ही इंजिनं दहा अश्वशक्तीचीच, पण भरल्या होडीला ओढताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कोणत्याही तांडेलाला हे सांगावं लागत नाही, तरी सरकारी फॉर्मवर मात्र फक्त अश्वशक्तीचाच रकाना असतो.

होडीच्या पोटाला भोक पाडताना

बदल म्हणजे नुसतं जुनं इंजिन काढून नवं ठेवणं नव्हे. जी होडी आउटबोर्डसाठी घडवली आहे, तिची बांधणीच वेगळी असते. तिचं सगळं वजन मागच्या फळीवर येणार, हे धरून तिचा आकार ठरलेला असतो. आता तिच्या पोटात दीडशे ते तीनशे किलोचं डिझेल इंजिन बसवायचं. त्यासाठी आधी पाया लागतो, म्हणजे तळाला धरून लांबवर गेलेल्या भक्कम लाकडी किंवा पोलादी तुळया, वरून फायबरचे थर देऊन होडीशी एकजीव केलेल्या. हा पाया आखूड ठेवला की इंजिनाची थरथर तळाच्या थोड्याशाच भागावर येते आणि एक-दोन मोसमांत फायबरला बारीक चिरा जायला लागतात. या चिरा आतून दिसत नाहीत. बाहेरून रंग मारला की त्याही दिसत नाहीत.

मग शाफ्ट. होडीच्या मागच्या तळातून तो पाण्यात बाहेर काढायचा म्हणजे चांगल्या होडीला जाणूनबुजून भोक पाडायचं. त्या भोकात नळी, नळीत शाफ्ट, आणि पाणी आत येऊ नये म्हणून ग्लँड आणि पॅकिंग. ग्लँड फार आवळलं तर शाफ्ट झिजतो, सैल ठेवलं तर होडीत पाणी भरतं. इंजिन आणि शाफ्ट एका सरळ रेषेत यायला हवेत. ही रेषा जमिनीवर जुळवून भागत नाही. होडी पाण्यात उतरली की तिचा तळ थोडा वाकतो, म्हणून पाण्यात सोडल्यावर कपलिंग उघडून पुन्हा तपासावं लागतं. घाईचा मिस्त्री नेमकं हेच टाळतो, आणि मालक वर्षभर बेअरिंग बदलत बसतो.

शिवाय सुकाणू नव्यानं बसवायचं. इंजिन थंड ठेवायला समुद्राच्या पाण्याची व्यवस्था, धूर बाहेर काढायचा पाइप, तळात साचलेलं पाणी उपसायचा पंप, हवा खेळायला जागा. या सगळ्यानं होडीच्या मधली जागा खाल्ली जाते. सात-आठ मीटरच्या होडीत ती जागा म्हणजे मासळीची आणि जाळ्याचीच जागा.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पैसे वाचवायला कुणी जुन्या मोटारीचं पेट्रोल इंजिन होडीच्या पोटात बसवायचा सल्ला दिला, तर त्याला हात जोडावेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीनं होडी पेटते. बाहेर लटकणाऱ्या आउटबोर्डची वाफ वाऱ्यावर उडून जाते, आत बसवलेल्या इंजिनाची जात नाही. डिझेल इतक्या सहज पेट घेत नाही, म्हणून आत बसवायचं तर डिझेलच. ट्रकच्या डिझेल इंजिनाला बोटीसाठी बदलून घेण्याची पद्धत आपल्याकडं जुनी आहे आणि मोठ्या बोटींत ती चाललीही. पण लहान होडीला ते वजन पेलणारं नाही, आणि खाऱ्या पाण्यासाठी न घडवलेली कूलिंगची व्यवस्था आतून गंजत जाते ती वेगळीच.

पैशाचा हिशोब, पण पूर्ण

आता तेलाकडं येऊ. ढोबळ अंदाज असा की पूर्ण जोरावर चालताना दर अश्वशक्तीमागं तासाला टू-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड अर्धा लिटर, फोर-स्ट्रोक आउटबोर्ड सुमारे ३५० मिलिलिटर आणि डिझेल इनबोर्ड पाव लिटर पितं. म्हणजे दहा अश्वशक्तीला तासाला अनुक्रमे ५, साडेतीन आणि अडीच लिटर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१२ मध्ये छोट्या मासेमारी नौकांच्या इंधनबचतीवर ओव्हिंद गुलब्रान्सन या नौकारचनाकाराची पुस्तिका काढली. तिचाही रोख हाच आहे, टू-स्ट्रोकवरून डिझेलवर गेलं की इंधन साधारण निम्म्यावर येतं.

समजा पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर आहे आणि होडी दिवसाला चार तास जोरात चालते. टू-स्ट्रोकचा रोजचा खर्च २,०८० रुपये. फोर-स्ट्रोकचा १,४५६. डिझेलचा ९१०. टू-स्ट्रोकवाल्याला डिझेलमुळं रोजचे ११७० रुपये वाचताना दिसतात, आणि मिस्त्री, एजंट, सगळे हाच आकडा दाखवतात. पण नीट पाहा. यातले ६२४ रुपये नुसतं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड घेतल्यानंच वाचतात, होडीला भोक न पाडता. डिझेल इनबोर्डची स्वतःची अशी जास्तीची बचत उरते ती ५४६ रुपयांची.

वर्षाला १८० दिवस समुद्रावर गेलं तर हे ९८ हजारांच्या आसपास होतात. इंजिन, गिअर, शाफ्ट, पाया, मजुरी मिळून नवं आउटबोर्ड घेण्यापेक्षा ३ लाख जास्त गेले असं धरलं, तर तीन वर्षांत पैसे फिटतात. चांगला सौदा आहे. आता तीच आकडेमोड खाडीत आणि खाडीच्या तोंडाशी जाळी टाकणाऱ्या होडीसाठी करू. तिचं इंजिन दिवसाला तासभर चालतं. बचत रोज १३६ रुपये, वर्षाला साडेचोवीस हजार. ३ लाख फिटायला बारा वर्षं. तोवर इंजिन कुठलं राहतंय?

होडी जितकी लांब जाते आणि जितकं जास्त ओढते, तितकं इनबोर्ड परवडतं, एवढाच याचा अर्थ. आठ-दहा सागरी मैल जाऊन सुरमईची जाळी सोडणारा आणि खाडीत कोळंबी मारणारा हे दोघं एकाच मोहल्ल्यात राहतात, शुक्रवारी एकाच सफेत उभे राहतात, पण त्यांच्या होड्यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

अजून एक बचत आहे, तिला एक रुपयाही लागत नाही, म्हणूनच बहुधा तिची चर्चा होत नाही. पाण्यावर सात मीटर लांबी असलेली जड होडी साधारण साडेसहा नॉटपर्यंत, म्हणजे तासाला १२ किलोमीटरपर्यंत सहज जाते. त्यापुढं ती स्वतःच केलेल्या लाटेवर चढायला लागते आणि मग थोड्याशा वेगासाठी तेल दुप्पट जातं. बंदरात पहिलं पोहोचून चांगला भाव घ्यायची शर्यत असते, हे मान्य. पण जाताना तरी हात आवरता येतो.

खाडीच्या तोंडावरची वाळू

रत्नागिरीला भाट्ये खाडीच्या तोंडाशी गाळ आणि वाळू साचते. राजिवड्याच्या मच्छीमारांचं हे जुनं गाऱ्हाणं आहे. ओहोटीला तिथून बाहेर पडताना आउटबोर्डवाला इंजिन वर उचलतो, गरज पडली तर वल्हं मारतो आणि निघून जातो. इनबोर्डचा पंखा आणि सुकाणू तळाच्याही खाली असतात. ते वाळूला लागले की शाफ्ट वाकतो, ग्लँड सुटतं आणि त्याच भोकातून पाणी आत येतं. म्हणजे इनबोर्ड घेतलं की माणूस भरतीच्या वेळापत्रकाला बांधला जातो. रोज चार तास वाट पाहण्याचा खर्च कुठल्याच हिशोबात धरलेला नसतो.

खाडीचा गाळ काढणं आणि होडीचं इंजिन बदलणं या दोन गोष्टी सरकारी खात्यांत वेगवेगळ्या टेबलांवर असतात. किनाऱ्यावर मात्र ती एकच गोष्ट आहे. जिथं बारमाही पाणी असलेली जेटी आहे, तिथं इनबोर्ड चालेल. जिथं होडी वाळूवरून ओढून वर घ्यावी लागते, तिथं आधी पाण्याची वाट करा, मग इंजिनाचं बोला.

यावर तांत्रिक तोडगे निघालेले नाहीत असं नाही. १९८०च्या दशकात 'बे ऑफ बेंगॉल प्रोग्रॅम'नं तामिळनाडू-आंध्रच्या उघड्या किनाऱ्यासाठी वाळूवर उतरणाऱ्या होड्या तयार केल्या. त्यांत डिझेल इंजिन आतच होतं, पण शाफ्ट आणि पंखा वर उचलता येत होता. त्याच पूर्व किनाऱ्यावर आज फायबरच्या होड्यांवर 'लाँगटेल' सर्रास दिसतं. लहान डिझेल इंजिन होडीवर फिरत्या खुंटीला बसवायचं आणि त्याचा लांबलचक शाफ्ट मागं पाण्यात सोडायचा. तळाला भोक नाही, उथळ पाण्यात उचलता येतं, आणि तेल डिझेलचं. आवाज फार, धूर तोंडावर, वळवायला ताकद लागते, हे त्याचे तोटे. पण पेट्रोल आउटबोर्ड नको आणि इनबोर्ड झेपत नाही, अशा खाडीवाल्यासाठी हा मधला रस्ता कोकणात कुणी गंभीरपणे आजमावून पाहायला हवा. मत्स्य विभागाच्या प्रात्यक्षिकांत एक-दोन लाँगटेल होड्या आल्या तर बिघडणार काय?

इंजिन बदललं की नावही बदलतं

इथं खरा गुंता सुरू होतो. आपल्या मत्स्यधोरणात 'मोटर बसवलेली' आणि 'यांत्रिक' अशा दोन वेगळ्या जाती आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आपल्या गणनेत नौकांचे तीन गट करते. ज्या नौकेचं इंजिन चालण्यासाठीही आणि मासेमारीचं काम करण्यासाठीही वापरलं जातं, जसं विंचनं जाळं ओढणं, ती यांत्रिक. जिचं इंजिन फक्त ये-जा करण्यापुरतं आहे ती मोटर बसवलेली. आणि इंजिनच नसलेली ती बिगर यांत्रिक. आउटबोर्डवाली होडी सरळसरळ दुसऱ्या गटात जाते. इनबोर्ड बसवून जाळं हातानंच ओढणारी होडी कुठं जाते? व्याख्येनुसार दुसऱ्यातच राहायला हवी. पण पोटात इंजिन दिसलं की कागदावर ती पहिल्या गटात सरकायला वेळ लागत नाही, आणि एकदा हायड्रॉलिक विंच आली की वादच मिटला.

याचा परिणाम काय? आपल्याकडं पारंपरिक मच्छीमार म्हणून जी सहानुभूती, जे संरक्षण, किनाऱ्याजवळच्या पाण्यावर जो हक्क मागितला जातो, तो या नावावर उभा आहे. पर्ससीन आणि एलईडीवाल्यांविरुद्ध छोट्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, तेव्हा कुठं २०२१ मध्ये राज्याच्या १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेले. त्या लढाईत आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे ठरवणारी एक गोष्ट म्हणजे आपल्या होडीची नोंद.

दुसरीकडं, सवलत उलट्या दिशेला ओढते. राज्य सरकारची जी करपरतावा योजना आहे ती हायस्पीड डिझेलवरची. नोंदणीकृत यांत्रिक नौकांना सहकारी संस्थांमार्फत डिझेल मिळतं आणि त्यावरचा विक्रीकर नंतर परत केला जातो. हा परतावा वेळेवर मिळत नाही, थकतो, त्यासाठी निवेदनं द्यावी लागतात, हे प्रत्येक संस्थेला ठाऊक आहे. तरी तो आहे. पेट्रोलचं आउटबोर्ड चालवणारा, म्हणजे सगळ्यांत छोटा मच्छीमार, पंपावर गाडीवाल्यांच्या रांगेत उभा राहून पूर्ण कर भरतो. मासेमारी नौकेत बसवायच्या डिझेल मरीन इंजिनावर ५ टक्केच कर लागेल, असं स्पष्टीकरण केंद्रानं २०१८ मध्येच दिलं होतं.

थोडक्यात, मोठ्या इंजिनाला तेलात सवलत आणि लहान इंजिनाला काही नाही. मग खाडीवाल्यालाही वाटणारच की आपणही डिझेलकडं वळावं. त्याच्या पाण्याला, त्याच्या होडीला ते सोसतं का, हा विचार मागं पडतो. सवलत द्यायचीच तर ती इंजिन होडीत कुठं बसवलंय हे बघून का द्यायची? पेट्रोल आउटबोर्डवाल्या नोंदणीकृत होडीला ठरावीक लिटरपर्यंत तोच परतावा मिळाला आणि जुनं टू-स्ट्रोक देऊन फोर-स्ट्रोक घ्यायला अनुदान मिळालं, तर वर सांगितलेल्या बचतीतला मोठा अर्धा वाटा कुणालाही कर्जात न ढकलता हाती येतो. कृषीचा दर्जा खरोखर काही देणार असेल तर छोट्यांनी पहिली मागणी ही करावी, असं माझं मत आहे.

मलबारनं हे आधी पाहिलंय

आउटबोर्डवरून इनबोर्डकडं जाण्याचा देशातला सर्वांत मोठा प्रयोग केरळनं केला. कुणी ठरवून केला नाही, तो होत गेला. तसं पाहिलं तर तिथं इंजिनाची सुरुवात १९५०च्या दशकात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पानं झाली. आधी देशी होड्यांतच इंजिन बसवायचा प्रयत्न झाला, तो नीट जमला नाही, मग नव्या बांधणीच्या बोटी आल्या. जुन्या होडीत नवं इंजिन सहज बसत नाही, हा धडा सत्तर वर्षं जुना आहे. १९८०च्या दशकात केरळच्या देशी होड्यांवर आउटबोर्ड झपाट्यानं पसरलं. पाठोपाठ रिंग सीन जाळी आली. तारली आणि बांगड्याचा अख्खा थवा घेरणारं हे जाळं ओढायला एका होडीला दोन-दोन, तीन-तीन आउटबोर्ड लागायला लागले, आणि ती सगळी रॉकेलवर चालणारी.

रॉकेलचा कोटा आटत गेला, भाव चढत गेला. २०२२ मध्ये तर केरळात रॉकेल लिटरला शंभरीच्या वर गेलं. मत्स्यफेड ही तिथली सहकारी शिखर संस्था लिटरमागं २५ रुपये अनुदान देत होती तरी पुरेना. एलपीजीवर आउटबोर्ड चालवायचे प्रयोगही झाले. मोठ्या रिंग सीनवाल्यांनी मात्र त्याआधीच, १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून, तीन आउटबोर्ड काढून एक डिझेल इनबोर्ड बसवायला सुरुवात केली होती. तेल वाचावं, हाच हेतू. पोन्नानी, तानूर, परप्पनंगडी या मलप्पुरमच्या किनाऱ्यावर बहुसंख्य मच्छीमार माप्पिला मुस्लिम. तिथंही हेच झालं.

मग वाचलेलं तेल कुठं गेलं? मोठ्या बोटीत गेलं. इनबोर्ड बसवायला होडी लांब हवी, लांब होडीला मोठं जाळं हवं, मोठ्या जाळ्याला आणखी माणसं आणि आणखी मोठं इंजिन. बघता बघता वीस मीटरच्या पुढच्या होड्या, तीस-चाळीस माणसं आणि शेकडो अश्वशक्तीची इंजिनं किनाऱ्यावर आली. एका माणसाला हे झेपेना म्हणून गट करून, भागीदारीत होड्या घेतल्या गेल्या. 'पारंपरिक' म्हणवणाऱ्या या होड्यांना पारंपरिक म्हणायचं का, हा वाद तिथं आजही मिटलेला नाही.

आणि मासा? केरळात २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. यात समुद्र तापणं, एल निनो, लहान मासळी मारणं अशी बरीच कारणं आहेत, सगळा दोष इंजिनांवर टाकणं चुकीचं ठरेल. पण मासा गेला तेव्हा छोट्या होडीवाला किनाऱ्यावर बसून राहू शकला, आणि मोठ्या इंजिनाचा हप्ता मात्र बसून राहिला नाही.

वाचलेला रुपया कुणाचा?

आपल्याकडं बोटीवरची कमाई वाट्यानं वाटली जाते. नियम बंदराबंदरात वेगळे, पण सर्वसाधारण रीत अशी की मासळीच्या पैशातून आधी तेल, बर्फ, रेशन वजा होतं. उरलेल्यात होडी-इंजिन-जाळ्याचा वाटा मालकाचा आणि बाकीचे वाटे तांडेल-खलाशांचे. आता बघा, तेलाचा खर्च सगळ्यांच्या कमाईतून आधीच कापला जातो, म्हणून तेल वाचलं की फायदा सगळ्यांना होतो. इंजिनाचं कर्ज मात्र एकट्या मालकाच्या डोक्यावर. मग मालक इंजिनाचा वाटा वाढवून मागतो. खलाशी म्हणतो, मासे तेवढेच, मेहनत तेवढीच, माझा वाटा का कमी? दोघांचंही खरं असतं. यावर भांडण होण्यापेक्षा इंजिन घेण्याआधीच बोलून घेतलेलं बरं. कर्ज फिटेपर्यंत इंजिनाचा वाटा अमुक, त्यानंतर जुना वाटा पुन्हा लागू, असं चार माणसांसमोर कागदावर लिहिता येतं. मोहल्ल्यातली जमात लग्नाचे आणि जागेचे तंटे सोडवते, तिला हा तंटाही सोडवता येईल.

कर्जाचं म्हणाल तर तिथं आपल्या समाजाची अडचण थोडी वेगळी आहे. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं, आणि २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याखालच्या सवलतीच्या कर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख करण्याची घोषणा झाली. पण ते तेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती अशा चालू खर्चासाठीचं कर्ज आहे, वर्षाच्या चक्रात फिरणारं. पाच-सात वर्षांत फिटणारं इंजिन त्यातून घेतलं की पहिल्याच वाईट मोसमात खातं अडकतं. इंजिनासाठी मुदतीचं कर्ज लागतं. त्यासाठी बँक, राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजना किंवा मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ, हे दरवाजे ठोठवावे लागतात. प्रत्येक ठिकाणी जामीनदार, प्रत्येक ठिकाणी फेऱ्या.

बऱ्याच घरांत व्याज नको म्हणून बँक टाळली जाते आणि मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. त्या उचलीवर व्याज लिहिलेलं नसतं. पण माल त्यालाच द्यायचा, तो सांगेल त्या भावानं द्यायचा, अशी अट असते. किलोमागं जे पाच-दहा रुपये कमी मिळतात ते वर्षाला जोडून पाहा, मग ती रक्कम बिनव्याजी आहे की नाही ते कळेल. त्यापेक्षा दोन-तीन घरांनी शिरकतीत एक होडी, एक इंजिन घेणं, नफा-तोटा वाटून घेणं, हा मार्ग जुनाही आहे आणि मनाला पटणाराही. मलबारमध्ये गटांनी होड्या घेतल्या त्या याच रीतीनं. फक्त तिथं होडी वाढत गेली, इथं ती वाढू द्यायची नाही हे आधी ठरवायला हवं.

ज्यांचा विचार पक्का झालाय, त्यांच्यासाठी कागदांचं तेवढं सांगायला हवं. इंजिन बदललं की नोंदणी पुस्तकात नवा इंजिन क्रमांक आणि अश्वशक्ती लावून घ्यावी लागते. मासेमारी परवान्यातही तो बदल यायला हवा. होडीचा विमा असेल तर कंपनीला लेखी कळवावं लागतं, नाहीतर होडी बुडाल्यावर कागदावरचं इंजिन आणि पाण्यातलं इंजिन जुळत नाही म्हणून दावा अडतो. डिझेल परताव्याचा अर्ज संस्थेमार्फत जातो, आणि तिथंही हाच क्रमांक तपासला जातो. मिस्त्रीचं काम जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संपलं तर होडी पाण्यात सोडून कपलिंग पुन्हा तपासायला आणि ही कागदपत्रं पुरी करायला जेमतेम दहा दिवस उरतात. १ ऑगस्टला समुद्र खुला होतो.